पतंगांच्या बाबतीत अर्धवट नसबंदीच का कामाला येते

मला आलेल्या एका प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. फळमाश्यांवर किरणांनी वंध्य केलेले नर सोडून एवढं यश मिळतं, तर बोंडअळी, घाटेअळी, फळं पोखरणाऱ्या अळ्या अशा पतंगवर्गीय किडींबाबत हे तंत्र इतकं कमी का ऐकू येतं? पतंगांना किरणांचा डोस मुद्दाम कमी देतात, नर पूर्ण वांझ करतच नाहीत. मग ते शेतात सोडणं म्हणजे किडीच्या पैदाशीला हातभार लावणं नाही का? आणि पाच-दहा एकरवाल्या शेतकऱ्याने असे पतंग विकत आणून आपल्यापुरते सोडले तर?

तिसऱ्याचं उत्तर छोटं आहे, म्हणून आधी देऊन टाकतो: चालणार नाही. कारण पुढे ओघात येईल. पहिले दोन प्रश्न मात्र एकमेकांत गुंतलेले आहेत. पतंगांची घाऊक पैदास, त्यांचं किरणन आणि शेतातली सोडणी या कामात मी बराच काळ काढला आहे. माश्यांवर काम करणारे सहकारी आमच्याकडे आले की त्यांना हेच चमत्कारिक वाटतं, की आम्ही नर अर्धवट वांझ करतो आणि त्यावर खूशही असतो. त्यांच्याकडे असा नर बाहेर गेला तर चौकशी लागते.

मूळ कल्पना अमेरिकेच्या कृषी खात्यातले कीटकशास्त्रज्ञ एडवर्ड निप्लिंग यांची. ते आणि रेमंड बुशलँड जनावरांच्या जखमांमध्ये वाढणाऱ्या स्क्रूवर्म माशीच्या मागे लागले होते. क्ष-किरणांनी कीटकांच्या गुणसूत्रांत बिघाड करता येतो हे हर्मन मुलर यांनी १९२७ मध्येच दाखवलं होतं. निप्लिंगनी ते उलट्या बाजूने वापरायचं ठरवलं: बिघडवलेले नर लाखोंनी सोडायचे, रानातल्या माद्या त्यांच्याशी मीलन करतील आणि अंडी फुटणारच नाहीत. १९५४ मध्ये कुरासाओ बेटावर हे करून पाहिलं आणि काही महिन्यांत तिथली स्क्रूवर्म संपली.

यामागचं गणित एकदा हाताने करून पाहण्यासारखं आहे, कारण बहुतेक गैरसमज तिथेच मिटतात. समजा एका भागात किडीच्या १,००० माद्या आणि तितकेच नर आहेत, आणि काहीच केलं नाही तर दर पिढीला संख्या पाचपट होते. आपण प्रत्येक पिढीत ९,००० वंध्य नर सोडतो. आता दर दहा नरांमागे एकच जननक्षम. म्हणजे १,००० पैकी साधारण १०० माद्यांचीच अंडी फुटणार, आणि पाचपट वाढून पुढच्या पिढीत ५०० माद्या. पुन्हा ९,००० सोडले की प्रमाण एकास अठरा; पुढच्या पिढीत सुमारे १३०. त्यानंतर नऊ-दहा. त्यानंतर शून्याच्या जवळ. सोडणी तेवढीच, पण दर पिढीला तिची धार वाढत जाते.

आता तेच ९,००० नर १०,००० माद्या असलेल्या भागात सोडा. दर जननक्षम नरामागे एकसुद्धा वंध्य नर येत नाही. पाच हजारांवर माद्यांची अंडी फुटतात आणि पुढची पिढी २६,००० च्या घरात जाते. खर्च तोच, मेहनत तीच आणि कीड अडीचपट! या हिशेबात उंबरठा २,२५० माद्यांचा आहे. त्याच्या खाली कीड घसरत जाते, वर असेल तर वाढत जाते. फवारणीचं याच्या उलट असतं. फवारा दहातले नऊ किडे मारत असेल तर दाट किडीत तो ढीगभर किडे मारतो आणि विरळ किडीत मोजकेच. वंध्य नर विरळ किडीतच सर्वांत जास्त काम करतात. म्हणून सोडणीच्या आधी कीड खाली आणावी लागते, मग ती फवारणीने आणा, कामगंधाने (मादी नराला बोलावते त्या वासाने) मीलनात अडथळा आणून आणा किंवा हंगाम संपल्यावर शेतातले अवशेष काढून आणा. 'वंध्य नर आणले, आता बाकीचं बंद' असं कोणी सांगत असेल तर त्याने हे गणित केलेलं नाही.

या गणितात एक मोठं गृहीत धरलेलं आहे: सोडलेला नर रानातल्या नराच्या तोडीचा असतो. नसतो. आणि पतंगांच्या बाबतीत तो किती कमी पडतो हे बरंचसं किरणांच्या डोसवर ठरतं.

माशीच्या प्रत्येक गुणसूत्रावर एक ठरावीक बिंदू असतो. पेशी विभागताना गुणसूत्र त्या बिंदूला धरून ओढलं जातं. किरणांनी गुणसूत्र तुटलं की ज्या तुकड्यावर तो बिंदू नाही तो मागे राहतो आणि हरवतो. अंड्यातल्या भ्रूणाला ते तुकडे मिळत नाहीत आणि तो मरतो. थोडी मोडतोडही पुरते, म्हणून माश्यांना साधारण ५० ते १५० ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप) डोसमध्ये काम होतं. पतंगांची गुणसूत्रं वेगळ्या घडणीची आहेत. त्यांच्यात ही पकड एका बिंदूवर नसून गुणसूत्राच्या बऱ्याच लांबीभर पसरलेली असते. गुणसूत्र तुटलं तरी तुकड्यांना आपापली पकड राहते, ते विभाजनात टिकतात, भलत्याच जागी जोडले जातात आणि पुढच्या पिढीत पोचतात. त्यामुळे पतंग किरणांना दाद देत नाहीत. नर पूर्ण वांझ करायचा तर अनेक जातींत ३०० ते ४०० ग्रे किंवा त्याहूनही जास्त डोस लागतो.

एवढा डोस खाल्लेला नर बाहेर कसा वागतो ते पाहिलं की डोस वाढवायची हौस फिटते. कामगंधाचा माग काढत तो उशिरा पोचतो, कमी उडतो, कमी दिवस जगतो. त्याहून वाईट भाग डोळ्यांना दिसत नाही. पतंगांच्या नरात दोन प्रकारचे शुक्राणू असतात, केंद्रक असलेले आणि केंद्रक नसलेले. फलन पहिल्या प्रकारानेच होतं. जास्त डोसने या शुक्राणूंचा पुरवठा बिघडतो. मीलन झाल्यावर मादीची पुन्हा मीलनाची ओढ कमी होते ती पुरेसे शुक्राणू पोचले तरच. नाही पोचले तर ती दुसऱ्या रात्री पुन्हा कामगंध सोडायला बसते आणि येणारा नर रानातला असू शकतो. कागदावर मीलन झालेलं, प्रत्यक्षात फुकट.

मग डोस कमी केला तर? इथे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडात मॉरिस प्रोव्हर्ब्स सफरचंद पोखरणाऱ्या कॉडलिंग मॉथवर काम करत होते. कमी डोस दिलेल्या नरांची थोडी संतती जगते, पण ती संतती बापापेक्षाही जास्त वांझ निघते, हे त्यांच्या कामातून पुढे आलं. निप्लिंगनी १९७० मध्ये हिशेब मांडून दाखवला की पतंगांसाठी असे अंशतः वंध्य नर पूर्ण वंध्य नरांपेक्षा जास्त परिणाम साधू शकतात. याला आम्ही वारशाने येणारं वंध्यत्व म्हणतो.

संतती बापापेक्षा जास्त वांझ का? बापाच्या शुक्राणूत मोडून जोडलेली गुणसूत्रं असतात. अंड्यात आईचा धडधाकट संच मिळाल्यामुळे बरीचशी पिल्लं कशीबशी वाढतात. पण त्या पिल्लांनी मोठं होऊन स्वतःचे शुक्राणू किंवा अंडी बनवायला घेतली की बापाची विस्कटलेली गुणसूत्रं आणि आईची सरळ गुणसूत्रं यांची जोडी जुळत नाही. वाटणी चुकते, कुठे तुकडा जास्त तर कुठे कमी, आणि त्यांची अंडी फुटत नाहीत. बापाच्या वेळी झालेला बिघाड मुलाच्या वेळी वसूल होतो.

याच्या जोडीला आणखी दोन फायदे पदरात पडतात. पतंगांत मादीची लिंगगुणसूत्रं वेगवेगळी असतात आणि नराची सारखी, म्हणजे माणसाच्या बरोब्बर उलट. मुलीला झेड नावाचं लिंगगुणसूत्र एकच मिळतं आणि ते बापाकडून येतं. त्यावर किरणांचा घाव असेल तर तो झाकायला दुसरी प्रत नसते, म्हणून मुली जास्त मरतात आणि उरलेल्या संततीत नरांची संख्या वाढते. आपल्याला तेच हवं असतं. दुसरं म्हणजे पतंगांच्या माद्या नरांपेक्षा किरणांना लवकर बळी पडतात. त्यामुळे माद्या जवळपास पूर्ण वांझ आणि नर अंशतः वांझ होतील असा एकच डोस सापडतो. नर-माद्या वेगळे काढायची खटपट करावी लागत नाही, दोन्ही एकत्र सोडता येतात. कॉडलिंग मॉथला हल्ली साधारण १५० ग्रे देतात; सुरुवातीच्या काळात डोस बराच जास्त होता.

पण मला सर्वांत मोठा फायदा वेगळाच वाटतो, आणि तो प्रत्यक्ष काम केल्याशिवाय लक्षात येत नाही. आम्ही सोडलेला नर ट्रेमध्ये कृत्रिम खाद्यावर, एका ठरावीक तापमानात वाढलेला असतो. त्याची संतती शेतात, खऱ्या फळात किंवा बोंडात, खऱ्या थंडी-उन्हात वाढते. ती रानातल्या पतंगांसारखीच उडते, त्याच रात्री, त्याच वेळी मीलनाला निघते. आणि ती वांझ असते! पैदासगृहात लाख प्रयत्न करून जो नर घडवता येत नाही तो शेत आयता घडवून देतं. आपण फक्त त्याचा बाप पुरवायचा.

आता आक्षेपाकडे. या संततीच्या अळ्या पीक खाणार नाहीत का? खातील. पण किती, ते बघा. त्या रानातल्या मादीला रानातला नर भेटला असता तर तिची जवळजवळ सगळी अंडी फुटली असती आणि त्या अळ्यांनी पुढची पिढीही वाढवली असती. त्याऐवजी थोडी अंडी फुटतात, त्यातल्या काही अळ्या मध्येच मरतात, उरलेल्या हळू वाढतात आणि पुढे वंश चालत नाही. पाने खाणाऱ्या किडीत हा तोटा कोणाच्या लक्षातही येत नाही. निर्यातीच्या फळात मात्र एक अळीही महाग पडते. तिथे डोस थोडा वर ठेवतात आणि सोडणी हंगामाच्या अगदी सुरुवातीला, कीड तुरळक असतानाच सुरू करतात. न फुटणारी अंडीही वाया जात नाहीत. ट्रायकोग्रामासारखे अंड्यावरचे परोपजीवी त्यांच्यातही वाढू शकतात, त्यामुळे दोन्ही उपाय एकत्र केले तर एकमेकांना पूरक ठरतात. फवारणीच्या बाबतीत अशी जोडी जमवणं अवघड.

संतती हळू वाढते हे कधीकधी अडचणीचंही होतं. ती फार मागे पडली तर रानातल्या माद्या बाहेर येऊन मीलन उरकूनही जातात. म्हणून डोस ठरवताना अंडी किती फुटली एवढंच मोजून भागत नाही. संतती किती दिवसांनी पतंग होते, त्यात नर किती, ते किती उडतात, हे सगळं पाहावं लागतं. डोस ठरवण्याच्या प्रयोगात एकच पिढी तपासून निष्कर्ष काढलेला दिसला की तो अहवाल मी बाजूला ठेवतो.

एक शंका नेहमी येते, ती इथेच मिटवतो. कोबाल्ट-६० किंवा सीझियम-१३७ मधून निघणारे गॅमा किरण पतंगातून आरपार जातात. पतंग किरणोत्सारी होत नाही. तो पक्ष्याने खाल्ला, कोंबडीने खाल्ला, काही होत नाही. हल्ली क्ष-किरण यंत्रंही वापरतात, त्यात किरणोत्सारी पदार्थ नसल्याने परवानग्यांची कटकट कमी.

लोकांचं लक्ष किरणन यंत्राकडे असतं, पण ते काम काही मिनिटांचं. कार्यक्रम तरतो किंवा बुडतो तो पैदासगृहात. माश्यांच्या अळ्या एका टबात लाखोंनी वाढतात. पतंगांच्या अळ्यांचे नखरे फार. गव्हाचा कोंब, साखर, जीवनसत्त्वं, बुरशी रोखणारी द्रव्यं असं खाद्य शिजवायचं, ट्रेमध्ये ओतायचं, अंड्यांच्या पट्ट्या लावायच्या आणि मग तापमान, आर्द्रता, उजेड यांच्यावर डोळ्यांत तेल घालून बसायचं. एका ट्रेत विषाणू शिरला की आज दोन अळ्या मलूल दिसतात आणि आठवड्याने अख्खी रांग लिबलिबीत होऊन लटकते. कॉडलिंग मॉथचा ग्रॅन्युलोव्हायरस बागेत जैविक कीटकनाशक म्हणून फवारतात. पैदासगृहात तोच सर्वांत मोठा शत्रू. सूक्ष्मबीजाणू नावाच्या परजीवींचा रोग त्याहून लबाड. अळी मरत नाही, पण पतंग बारका आणि दुबळा निघतो आणि दोष किरणांवर जातो.

आणि खवले. पतंगाच्या पंखावरची भुकटी आपल्या बोटाला लागते तेवढी. लाखो पतंग निघतात त्या खोलीत ती हवेत धुक्यासारखी तरंगते. दारं, नळ्या, दिवे, सगळ्यांवर करडा थर बसतो. मास्क न लावता काम केलेल्यांना काही महिन्यांत शिंका, मग दमा सुरू होतो. हवा खेचून गाळणारी यंत्रणा ही पतंगांच्या पैदासगृहात चैन नव्हे. तिच्यावरचा खर्च कापला की माणसं टिकत नाहीत.

पतंग निघाले की त्यांना थंड करतात. चार-पाच अंशांच्या आसपास ते निपचित पडतात, मग मोजून, किरणन करून, थंडच ठेवून शेतापर्यंत नेता येतात. कुठे चारचाकी मोटारसायकलवरच्या पंख्यातून सोडतात, कुठे छोट्या विमानातून किंवा जायरोकॉप्टरमधून, हल्ली ड्रोनमधूनही. इथे वेळेची शिस्त लागते. थंडीत दोन दिवस जास्त राहिलेला पतंग जिवंत असतो, हलतो, आकड्यात मोजला जातो, पण रात्री उडत नाही. भर उन्हात तापल्या जमिनीवर टाकलेला पतंग शुद्धीवर यायच्या आत मुंग्यांच्या तोंडी जातो. आणि वसंतातल्या गार रात्रींचा प्रश्न वेगळाच. उबदार खोलीत पिढ्यान् पिढ्या वाढलेले नर गारव्यात सुस्त बसतात, रानातले नर मात्र त्याच गारव्यात माद्यांपर्यंत पोचतात. कॉडलिंग मॉथच्या कामात ही अडचण सुरुवातीला फार जाणवली. त्यावर बदलत्या तापमानात पैदास करणं आणि अळ्यांना सुप्तावस्थेतून नेऊन मग पतंग काढणं हे उपाय पुढे आले.

सोडलेला पतंग आणि रानातला पतंग ओळखायचा कसा, हेही सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे असतात. अळ्यांच्या खाद्यात तेलात विरघळणारा लाल रंग मिसळतात. तो अळीच्या चरबीत मुरतो, कोषातून पतंगात उतरतो. कामगंध सापळ्याच्या चिकट पत्र्यावरून पतंग चिमट्याने उचलायचा, पांढऱ्या कागदावर पोट दाबायचं. लाल-गुलाबी डाग उमटला तर तो आपला. पिवळट-तपकिरी ओल आली तर रानातला. ऐकायला सोपं आहे. पण सापळ्यात आठवडाभर उन्हात वाळलेला पतंग कोरडा ठणठणीत असतो, डाग फिका पडतो आणि मोजणारा माणूस संध्याकाळपर्यंत थकलेला असतो. रानातला पतंग चुकून आपल्यांत मोजला तर कीड वाढत असताना सगळे निश्चिंत राहतात. उलट चूक झाली तर विनाकारण फवारणीची पळापळ. म्हणून शंकेचे पतंग वेगळे ठेवून दुसऱ्या माणसाने तपासायचे, हा नियम मी कधी सैल होऊ देत नाही.

सापळ्यातलं प्रमाण हाच चालत्या कामाचा कणा. कॉडलिंग मॉथसाठी रानातल्या एका पतंगामागे चाळीस सोडलेले असं लक्ष्य वापरलं गेलं आहे. वरच्या हिशेबात मी एकास नऊ घेतलं होतं. इतका मोठा फरक पैदासगृहातला नर कमी पडतो म्हणूनच. सरासरी प्रमाणावर मात्र विसंबू नका. सगळ्या भागाची सरासरी एकास साठ असते आणि एका कोपऱ्यातल्या जुन्या झाडांजवळ एकास तीन. कीड तिथूनच पुन्हा पसरते.

आणि इथेच पाच-दहा एकरांचा प्रश्न सुटतो. शेजाऱ्याच्या शेतात मीलन झालेली मादी तुमच्या शेतात उडत आली तर तुमचे हजारो वंध्य नर तिचं काहीच वाकडं करू शकत नाहीत. ती अंडी घेऊनच आलेली असते. छोट्या तुकड्याला कडा जास्त, गाभा कमी. म्हणून हे तंत्र सलग मोठ्या क्षेत्रावर, सगळ्यांनी मिळूनच चालतं.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातलं ओकानागन खोरं याचं सर्वांत चांगलं उदाहरण आहे. तिथे ओसोयूस गावी कॉडलिंग मॉथचं पैदासगृह उभारून १९९४ पासून पतंग सोडायला सुरुवात झाली. हंगामात दर आठवड्याला हेक्टरी सुमारे २,००० पतंग, नर-माद्या मिळून, असा क्रम. त्यांनी केलेली सर्वांत धूर्त गोष्ट तंत्रज्ञानाची नव्हती. सफरचंद बागायतदारांकडून एकरी वर्गणी आणि त्या भागातल्या घरमालकांकडून मालमत्ता कराचा वाटा असा पैसा उभा केला आणि परसातल्या एकट्या-दुकट्या झाडांचीही काळजी घेणं कायद्याने बंधनकारक केलं. कोणाच्या अंगणातलं दुर्लक्षित सफरचंद हजार एकरांचं काम उधळू शकतं, हे त्यांना आधीच कळलं होतं. तिथली कीड आणि तिच्यासाठीची फवारणी दोन्ही ९० टक्क्यांहून अधिक उतरली.

गुलाबी बोंडअळीची गोष्ट बहुतेकांनी अर्धीच ऐकलेली असते. कॅलिफोर्नियाच्या सान वाकीन खोऱ्यात कापूस उत्पादकांनी कापसाच्या दर गाठीमागे दिलेल्या वर्गणीतून १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून वंध्य पतंग सोडले जात होते. कीड आत शिरून ठाण मांडू नये एवढाच हेतू, आणि तो साधला. पतंग अॅरिझोनातल्या फिनिक्सच्या पैदासगृहातून पुढे येत राहिले. मोठी उडी बीटी कापसानंतर पडली. बीटीच्या विषाला न जुमानणाऱ्या, म्हणजे प्रतिकारक्षम, अळ्या तयार होऊ नयेत म्हणून बीटी शेजारी बिगरबीटी कपाशीचा आश्रयपट्टा ठेवायचा असतो. तिथले साधे पतंग प्रतिकारक्षम पतंगांशी मीलन करून तो गुण पातळ करतात. अॅरिझोनात २००६ पासून या आश्रयपट्ट्याऐवजी विमानातून वंध्य पतंग सोडले. दुर्मीळ प्रतिकारक्षम पतंगाला जोडीदार मिळायचा तो वंध्य. २००६ ते २०१४ दरम्यान सुमारे ११ अब्ज पतंग सोडले गेले आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळीचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. नंतरच्या विश्लेषणात दिसलं की एकट्या बीटीने किंवा एकट्या वंध्य पतंगांनी हे झालं नसतं. भारतात याच किडीने बीटीला प्रतिकारक्षमता मिळवली आहे. त्यामुळे 'तिकडे झालं, मग इकडे वंध्य पतंग आणा' असं म्हणणाऱ्यांनी तिकडे बीटी कीड दाबून धरत असतानाच पतंग सोडले होते, हे विसरू नये. वरच्या उंबरठ्याचंच हे प्रात्यक्षिक आहे.

नव्याने शिरलेल्या किडीवर हे तंत्र फार देखणं काम करतं, कारण संख्या आधीच कमी असते. ऑस्ट्रेलियातून न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये आलेला पेंटेड ॲपल मॉथ आधी बॅसिलस थुरिंजेन्सिस या जिवाणूच्या हवाई फवारणीने खाली आणला, मग २००३ पासून वंध्य नर सोडले. २००६ मध्ये तो संपल्याचं जाहीर झालं. या जातीची मादी बिनपंखी, त्यामुळे बाहेरून उडत येणाऱ्या मादीची चिंताच नव्हती. मेक्सिकोत इस्ला मुहेरेस आणि इस्ला कोंतोय या बेटांवर २००६-०७ मध्ये निवडुंग पोखरणारा पतंग सापडला आणि वंध्य पतंग, तसंच किडके निवडुंग काढून टाकणं, या जोडीने तोही हटवला. हाच पतंग १९२० च्या दशकात ऑस्ट्रेलियात निवडुंगाचं तण संपवणारा नायक होता. दक्षिण आफ्रिकेच्या सिट्रसडाल भागात संत्रावर्गीय बागांमध्ये फॉल्स कॉडलिंग मॉथवर २००७ पासून व्यावसायिक पातळीवर सोडणी चालते, तीही अंशतः वंध्य पतंगांचीच.

आता घाटेअळी आणि लष्करी अळी. यांच्याबद्दल मी फारसा आशावादी नाही. दोन्हींच्या अळ्या एकमेकींना खातात, म्हणजे प्रत्येक अळीला वेगळा कप्पा. पैदाशीचा खर्च तिथेच गगनाला भिडतो. पतंग शेकडो किलोमीटर स्थलांतर करतात आणि डझनावारी पिकांवर जगतात. कोणतं क्षेत्र सलग म्हणायचं आणि त्याची हद्द कुठे आखायची? बंदिस्त दरीत, बेटावर किंवा वाळवंटाने वेढलेल्या भागात प्रयोग करायला हरकत नाही, पण खुल्या मैदानी प्रदेशात मी पैसे घालणार नाही. चौकोनी ठिपक्याच्या पतंगाचा कोबीवरचा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवायचा प्रयत्न झाला आहे: जनुकीय बदल केलेले नर, ज्यांच्या मुली अळी अवस्थेतच मरतात. २०१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यात त्यांची खुल्या शेतात चाचणी झाली. तिथे किरणांचा मार बसत नसल्याने नर तगडा राहतो, पण परवानग्या आणि लोकांचा विश्वास हा त्याचा डोंगर आहे.

एखादा उत्पादक संघ किंवा सलग बागांचा गट खरोखर विचार करत असेल, तर आधी किमान दोन हंगामांची कामगंध सापळ्यांची नोंद जमवा, कीड कुठे आणि कधी विरळ असते ते नकाशावर मांडा, आणि गटाबाहेरची झाडं, पडीक बागा, परसबागा मोजा. ही माहिती नसेल तर किती पतंग लागतील हे कोणीच सांगू शकत नाही, आणि तरी सांगत असेल तर त्याला विकायचं आहे. बाहेरून पतंग आणणार असाल तर ते तुमच्या रानातल्या माद्यांशी बरोबरीने मीलन करतात का, हे जाळीच्या पिंजऱ्यात तपासल्याशिवाय करार करू नका. आणि हेतू निर्मूलनाचा आहे की कीड खाली दाबून ठेवण्याचा, हे पहिल्या बैठकीत ठरवा. निर्मूलनाला शेवटची तारीख असते. दाबून ठेवायचं असेल तर नसते. ओकानागनमध्ये पहिली सोडणी होऊन दशकं उलटल्यावरही हंगाम आला की पतंग सोडावेच लागत होते, तेव्हा वर्गणीचा हिशेब दरवर्षीचा खर्च धरूनच करा.